भोंग्याच्या वेळी कुणाचा फोन येतो?

१० डिसेंबर २०२५ ला ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी आली. त्याच आठवड्यात माझ्या चुलत बहिणीनं ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली. ती सांगली जिल्ह्यात, विट्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. खाली लिहिलं होतं, "ताई, तिथलं सरकार सोळा वर्षांच्या पोरांना फोनपासून लांब ठेवतंय, आणि तू तीन वर्षांच्या लेकीला रोज फोनसमोर बसवतेस." हे तिनं रागानं लिहिलं नव्हतं. वर्गात पेंगणारी, चार ओळी वाचताना कंटाळणारी मुलं तिला रोज दिसतात. तिच्या काळजीला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना.

आमच्याकडे मेलबर्नला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आईकडे दुपारचा दीड झालेला असतो. ऑक्टोबरात इथली घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि मग तिकडे साडेबारा वाजलेले असतात. जेवणं व्हायची असतात किंवा नुकती झालेली. आई व्हिडिओ कॉल लावून फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि आपलं काम करत राहते. शेंगा फोडते, गहू निवडते. लेक इकडे खेळण्यातली ताटली घेऊन बसते. एकदा आईनं हातात सूप घेतलं तर हिनं विचारलं, "आज्जी, काय करतेस?" आई म्हणाली, "पाखडतीय गं बाय." दुसऱ्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात ताटलीतले ठोकळे जमिनीवर उडत होते आणि "मी पाखडते" म्हणून ओरडा चालू होता. गेल्या दहा वर्षांत हा शब्द माझ्या तोंडात आलेला नव्हता. माझ्याकडून तो तिच्यापर्यंत कधीच पोचला नसता.

याला अभ्यासाचाही आधार आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना आधीच चित्रित केलेल्या फितीतून. समोरासमोर आणि कॉलवर मुलं शिकली, फितीतून नाही. कॉलवरचं माणूस मुलाचं ऐकून थांबतं, विचारलेल्याला उत्तर देतं. फितीतला चेहरा कितीही गोड हसला तरी त्याला मूल दिसत नसतं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन वर्षांखालच्या मुलांना कुठलाच पडदा नको असं सांगताना त्यांनी एवढा एकच अपवाद ठेवला: नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल. इथल्या कायद्यातही व्हॉट्सअॅपसारखी निव्वळ निरोपाची साधनं बंदीबाहेर आहेत. म्हणजे पडदा आणि पडदा यात फरक आहे हे जाणकारांना मान्य आहे. आपल्या घरगुती वादांत मात्र सगळं 'मोबाइल' या एका शब्दात कोंबलं जातं.

मोहित्यांचे वडगाव आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. मला हे मनापासून आवडतं, आणि इथल्या कायद्यापेक्षा जास्त आवडतं. इथे नियम मोडला तर कंपन्यांना ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि तो हवाच. पण जेवणाच्या टेबलावर बापानं हातातला फोन खाली ठेवावा असं कुणी म्हणत नाही. वडगावच्या भोंग्यानं आधी मोठ्यांनाच फोन ठेवायला लावला. माझी लेक फोन मागते तेव्हा बहुतेक वेळा तो माझ्याच हातात असतो, हे मी रोज बघते.

तरीही सात ते साडेआठ ही वेळ मला टोचते. दिवाळीच्या सुमाराला बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला आमच्या भागात उतरतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कितीतरी जण पोरांना गावी आजी-आजोबांजवळ ठेवून येतात. दिवसभर फडात कोयता चालतो. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, परतून चूल पेटवली की आईला पोराशी बोलायला उसंत मिळते ती याच वेळात. गावोगावी असा भोंगा बसवताना तिथल्या लोकांनी हे विचारलं पाहिजे की, आपल्या गावात या वेळी कुणाचा फोन येतो? त्या पोराचा पाच मिनिटांचा फोन आणि शेजारच्या पोराचा रीलचा तास एकाच दिवशी बंद झाले, तर एकाचं भलं होईल आणि दुसऱ्याची आई तुटेल.

दूर असलेल्यांची ओढ आमच्या भागाला नवी नाही. विटा-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर गेली. माझा मामा दक्षिणेत होता. आंतर्देशीय पत्र यायचं, पुढे एसटीडी बूथवरून रात्री उशिरा, दर उतरल्यावर फोन. यात्रेला तो आला की त्याचा धाकटा मुलगा दाराआड लपायचा आणि मामीला विचारायचा, "हे कोण?" मामाचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून माझ्या लेकीचा रोजचा कॉल मी बंद करणार नाही, हे बहिणीला स्पष्ट सांगितलं.

पण तिला आणखी एक गोष्ट सांगितली. तीन वर्षांनी आम्ही घरी गेलो. लेक आज्जीला लगेच ओळखेल याची मला खात्री होती, आणि तिनं ओळखलंही. आई पडवीतून उठून आमच्याकडे यायला निघाली तेव्हा मीच थबकले. भिंतीला हात लावत, एक पाय ओढत ती येत होती. गुडघे दीड वर्षापासून गेले होते. रोज बोलत होतो आम्ही. डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये ती कायम बसलेली असायची, आणि ती स्वतःहून सांगणारी नव्हे.

आता रविवारी आप्पा फोन हातात घेऊन तिच्या मागोमाग परसात जातात. लेक कोंबड्या मोजते, चुकते, आई तिला परत मोजायला लावते. मी मागे बसून आईच्या पायांकडे बघत असते.