अमेरिकन लक्झरी गाडी आता वळणावर डुलत नाही

‘अमेरिकन लक्झरी म्हणजे मऊ सीट आणि वळणावर डुलणारी गाडी’ हे तुमच्या अमेरिकन लक्झरी गाड्यांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. १९७०च्या दशकातल्या कॅडिलॅकबद्दल, म्हणजे जनरल मोटर्सच्या लक्झरी गाड्यांबद्दल, ते ठीक होतं. कॅडिलॅकचीच आजची सेडान, सीटी५-व्ही ब्लॅकविंग, चालवून बघा! ६.२ लिटरचं सुपरचार्ज्ड (जादा हवा दाबून ताकद वाढवलेलं) व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, ६६८ हॉर्सपॉवर, आणि चक्क हाताने बदलायचा ६ गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. जर्मन सेडानमध्ये व्ही८ आणि मॅन्युअल ही जोडी आज शोधून सापडत नाही.

पण मला भावली ती ताकद नव्हे, सस्पेन्शन, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणारी यंत्रणा. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात. चुंबकीय क्षेत्र बदललं की क्षणार्धात ते तेल घट्ट किंवा पातळ होतं. हिवाळ्यानंतर मिशिगनच्या रस्त्यांवर खड्डेच खड्डे असतात, तिथेही स्टीअरिंग हातात स्थिर राहतं आणि पुढच्याच वळणावर गाडी जमीन घट्ट धरते. हे तंत्र कॅडिलॅकच्या सेव्हिलमध्ये २००२ सालीच आलं, फेरारीने नंतर घेतलं. याचं श्रेय डेट्रॉईटला, अमेरिकेच्या मोटारनगरीला, कुणी देत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

फोर्डच्या लक्झरी ब्रँडचा, लिंकनचा, बाज वेगळा. त्यांच्या एव्हिएटर या एसयूव्हीमधले सूचनेचे आवाज डेट्रॉईट सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेत. सीटबेल्टची आठवणसुद्धा कानाला गोड लागते. गिअरच्या दांड्याऐवजी दिलेली बटणं मात्र मला मुळीच आवडली नाहीत, पार्किंगमध्ये मागेपुढे करताना नजर खाली जातेच.

२०२० मध्ये कॉन्टिनेन्टल ही सेडान बंद करून लिंकनने अमेरिकेत सेडान विकणंच थांबवलं. लेखात यावर एक ओळ तरी हवी होती.