एक खिसा, दोन रकाने

विलंबित रंगलेलं आहे, गायक समेच्या दिशेने निघालाय, तबलजीने तिहाई टाकलीय, आपला हात आपोआप हवेत गेलाय, आणि नेमकं तेव्हाच गाणं थांबून कानात मधाळ आवाज येतो : "सर, आपल्याला पर्सनल लोन मंजूर झालेलं आहे." मी कर्जाच्या विरोधात नाही. राहतं घर कर्जावरच घेतलं. पण समेवर कर्ज नको.

बरं, हा फोन आला नाही तर दुसरं काहीतरी येतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकतं आणि खर्जातल्या आलापात 'टिंग' वाजतं. फुकटातल्या अ‍ॅपवर ऐकावं, तर मारव्यातला कोमल रिषभ लागतो न लागतो तोच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात सुरू होते. माझं वय त्यांना कोणी सांगितलं, कोण जाणे.

तेव्हा एका रात्री जेवताना मी जाहीर केलं, की मला गाणी ऐकायला वेगळं यंत्र घ्यायचंय. त्यातून फक्त गाणं वाजेल, बाकी काही नाही. पोर्टेबल मीडिया प्लेअर.

"बाबा, ते अजून बनवतात?" मुलीने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता फोनमध्ये शोधलंही. "हे बघ, आयपॉड 2001 साली आला. 5 जीबी, खिशात 1000 गाणी. आणि मे 2022 मध्ये अ‍ॅपलने तो बंद केला. म्हणजे अख्ख्या जगाचं घेऊन, वापरून, टाकून झाल्यावर तुला सुचलं."

आमच्या घरात एक नियम आहे. गरजेची नसलेली कुठलीही वस्तू घ्यायची झाली, की दुधाच्या हिशेबाच्या वहीत कोऱ्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. ज्याला जे सुचेल ते त्याने येता-जाता लिहायचं. हा नियम मीच केला होता, घरात एअर फ्रायर येऊ नये म्हणून. एअर फ्रायर आला. नियमही राहिला.

मी डावीकडे ठसठशीत अक्षरांत पहिला मुद्दा लिहिला : 'फोन येत नाही.' अंघोळ करून परत आलो तर उजवीकडे बायकोच्या अक्षरात पहिला मुद्दा होता : 'फोन येत नाही.'

मी दुसरा मुद्दा घेतला, साठवणुकीचा. हा अगदी बिनतोड होता. 1998 साली कोरियातून बाजारात आलेल्या पहिल्या एमपी-थ्री प्लेअरमध्ये 32 एमबी जागा होती. बऱ्यापैकी आवाजाच्या गाण्याला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे अर्ध्या तासाचा ऐवज. सिनेमाची सात-आठ गाणी मावतील, पण आमच्या लोकांचा बडा ख्याल नाही. बुवांचा विलंबित संपायच्या आत यंत्र संपलं असतं. आज नखाएवढ्या कार्डात 32 जीबी मावतात. पाचशे तासांहून जास्त गाणं! मी ते 'पाचशे तास' खाली दोन रेघा मारून लिहिलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण आकडा दिसला की त्यांचा हात लाल पेनाकडे जातो. त्यांनी माझ्या पाचशे तासांवर बरोबरची खूण केली आणि मला हाक मारली.

"रोज ऐकणार किती?"

"टेकडीवर जाऊन येईपर्यंत. तासभर धरा."

"म्हणजे जवळजवळ दीड वर्ष पुरेल. बरोबर? मग या दीड वर्षात एकही गाणं परत ऐकायचं नाही?"

"तसं नाही, अण्णा. आवडलं तर ऐकायचंच की."

"मग बाकीची भरायची कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. त्यांनी उजवीकडे लाल शाईत लिहिलं : 'अनुदान खर्ची पडणार नाही.' स्वतः अण्णांचं बरं चाललंय. 2017 नंतर पेन्शन घेणाऱ्या बहुतेक माणसांना मुलाबाळांनी जुन्या रेडिओसारखा दिसणारा, आत 5000 गाणी आधीच भरून दिलेला कारवाँ भेट दिला, तसा तो त्यांच्याकडेही आहे. त्यावर ते विविध भारती लावतात. गाणं कोणतं लागावं हे दुसऱ्याने ठरवलं की ऐकायला मन मोकळं राहतं, असं त्यांचं म्हणणं. 1957 पासून विविध भारतीवाले ठरवतायत, त्यांना आपल्याहून जास्त कळतं, हे वर.

एवढ्यात पुतण्या आला. तो कानाचा शौकीन आहे, म्हणजे गाण्यापेक्षा आवाज ऐकतो. त्याच्याकडे तीन जातींचे हेडफोन आहेत आणि त्या सगळ्यांवर तो एकाच बाईचं एकच इंग्रजी गाणं लावून डोळे मिटून बसतो. मी 'एमपी-थ्री' म्हटल्यावर त्याने, आपण शिळ्या पोह्यांकडे बघतो तसं माझ्याकडे बघितलं.

"काका, एमपी-थ्री म्हणजे अर्धमेलं गाणं. फ्लॅक ऐका, त्या फाइलीत काही गाळत नाहीत."

मग त्याने वहीवरच आकृती काढून समजावलं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत संशोधकांनी बरीच वर्षं माणसाच्या कानाचा अभ्यास केला. एक मोठा आवाज चालू असला, की त्याच्या आसपासचे बारीक आवाज कानाला कळतच नाहीत. तर मग ते साठवायचे कशाला? टाकून द्या. अशी काटछाट करून फाइल दहाव्या-बाराव्या हिश्श्यावर आणली, आणि जुलै 1995 मध्ये तिच्या शेपटाला 'एमपी-थ्री' हे नाव लावलं.

बायको भाजी निवडता निवडता ऐकत होती. "म्हणजे मोठ्या आवाजापुढे बारीक आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो नव्हताच असं धरायचं?"

"हो काकू, तसंच."

"आणि हे शोधायला जर्मनीत इतकी वर्षं लागली? यांच्या घरी मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं होतं."

अण्णांनी विविध भारतीचा आवाज थोडा वाढवला.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर काटछाटीत सगळ्यात जास्त मार तानपुऱ्याला बसतो. गायक शाबूत राहतो, तबला राहतो, पण फार दाबलेल्या फाइलीत तानपुरा ओल्या फरशीवर खराटा मारल्यासारखा वाजतो. जन्मभर मागे बसून इमानाने काम केलं की ही वेळ येते. सरकारी नोकरीत मी हे पाहिलंय.

"मग चांगला प्लेअर घ्या ना," पुतण्या म्हणाला. "वॉकमन अजून निघतात. 2016 साली तर सोनीने एक काढला होता, त्याची बॉडी शुद्ध तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा. आवाजाला म्हणून."

बायकोच्या हातातली मेथीची जुडी खाली आली. या विषयात तिला पहिल्यांदाच रस वाटत होता. "किती ग्रॅम?"

"साडेचारशेच्या आसपास."

"सोनं?"

"नाही, अख्खा प्लेअर. सोनं नुसतं वरून."

"मग तांबं म्हण. उगीच जीव वर-खाली करतोस." मेथी पुन्हा सुरू झाली.

पण वॉकमनच्या निमित्ताने पुतण्याने जी गोष्ट सांगितली, तिने माझं फार नुकसान केलं. 1979 साली जपानात पहिला वॉकमन आला, तेव्हा कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी तो घरी नेला होता. ते कानाला लावून ऐकत बसले, तर त्यांच्या पत्नीला वाटलं आपल्याला बाहेर काढून दार लावून घेतलंय, आणि त्या वैतागल्या. एकट्याने ऐकणं हे असभ्यपणाचं दिसेल अशी मोरितांना चिंता होती. म्हणून त्या पहिल्या यंत्राला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी ऐकायला, आणि वर एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि बारक्या माइकमधून दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. पुढच्या मॉडेलांतून हे बटण गायब झालं. नवरा-बायकोंनी ते वापरलं नाही की फार वापरलं, याबद्दल पुतण्या काही बोलला नाही.

संध्याकाळी उजव्या रकान्यात नवी ओळ होती : 'बायकोशी बोलायचं बटण आहे का? (नारिंगी नसलं तरी चालेल.)'

वायरीचा मुद्दा मुलीने घातला. मी वायरवाल्या इअरफोनच्या बाजूचा. ते चार्ज करावे लागत नाहीत आणि एक हरवला की दुसरा पोरका होत नाही. मुलगी म्हणाली, खिशात घातलेल्या वायरीची गाठ सोडवण्यातच तुझी टेकडी चढून होते. यावर मी शास्त्र पुढे केलं : 2007 साली कॅलिफोर्नियातल्या दोन शास्त्रज्ञांनी खोक्यात दोरा घालून खोकं गरागरा फिरवलं आणि काही सेकंदांत गाठ आपोआप बसते हे सिद्ध केलं. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं बक्षीस, मिळालं. म्हणजे दोष माझा नाही, पदार्थविज्ञानाचा आहे. तिने तो मुद्दा माझ्याच नावाने तोट्यांत लिहिला.

तोट्यांचं पान भरलं, तेव्हा मी बुधवार पेठेत गेलो. आमच्या घरी तोटे जास्त झाले की वस्तू येते, हे एअर फ्रायरने शिकवलंय.

पासोड्या विठोबाच्या आजूबाजूला इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं अशी खेटून आहेत, की एका दुकानात विचारलेला भाव दुसऱ्यात आधीच पोचलेला असतो. पहिल्या दुकानातल्या पोराला मी काय मागतोय ते कळेना. त्याने वडिलांना बोलावलं. वडील स्टूलवर चढले, माळ्यावरून एक खोका काढला, त्यावरची धूळ माझ्या दिशेने झटकली आणि म्हणाले, "एमपी-फोर आहे. काका, यात सगळं आहे. एफएम आहे, रेकॉर्डिंग आहे, फोटो, पुस्तकं, कॅलेंडर, स्टॉपवॉच, सापाचा गेम..."

"यात फोन नाही ना?"

ते थबकले. मालात खोट निघाल्यावर प्रामाणिक दुकानदाराचा होतो तसा चेहरा झाला. "नाही. तेवढं एक नाही," आणि माझ्या चेहऱ्यावर समाधान बघण्याआधीच त्यांनी दोनशे रुपये कमी केले.

गाणी भरण्याचं प्रकरण मात्र कुठल्याच रकान्यात नव्हतं. एके काळी मोबाइलच्या दुकानात कार्ड दिलं, की वीस-तीस रुपयांत तो पोऱ्या गाणी भरून द्यायचा, आणि काय भरायचं हेही तोच ठरवायचा, लग्नाच्या वरातीपासून महाशिवरात्रीपर्यंत. आता घरीच बसून जुन्या सीड्या कॉम्प्युटरमध्ये घालाव्या लागल्या. त्यासाठी सीडी घेणारा कॉम्प्युटर शोधावा लागला. तो मेव्हण्याकडे निघाला आणि त्याबरोबर मेव्हण्याचे सल्लेही.

भरून झाल्यावर यादी उघडली. कलावंत या सदराखाली एकच नाव होतं : 'अननोन आर्टिस्ट'. भीमसेन जोशी अननोन आर्टिस्ट. किशोरीताई अननोन आर्टिस्ट. कुमार गंधर्व अननोन आर्टिस्ट. चुकून भरली गेलेली, आमच्या वास्तुशांतीला गुरुजींनी म्हटलेली आरतीही अननोन आर्टिस्ट, आणि खरं म्हणजे हे बिरुद फक्त तिलाच लागू होतं. बहुतेक गाण्यांचं नाव 'ट्रॅक 01'. जिथे मी हौसेने मराठीत नावं टाइप केली होती, तिथे यंत्राने चौकोन दाखवले. एका मोठ्या गायिकेच्या नावात अकरा चौकोन आले. आता मी त्यांना चौकोन मोजूनच ओळखतो.

इंग्रजीत नावं दिलेले राग तेवढे धड होते, पण ते यंत्राने एबीसीडीप्रमाणे लावले. पहिल्यांदा घरी सतरंजीवर बसून ऐकलं. सकाळचा अहीर भैरव वाजला. पाठोपाठ मध्यरात्रीचा बागेश्री. मला जरा गरगरल्यासारखं झालं. तिसरी लागली भैरवी. भैरवी कानावर पडताच मी सवयीने उठलो आणि चप्पल शोधू लागलो.

तरीही सांगतो, टेकडीवर मजा आली. फोन घरी चार्जिंगला, खिशात डबी. सम आली आणि ती माझीच राहिली. कुणी कर्ज दिलं नाही, कुणी तेल चोळलं नाही. वायरीमुळे एफएमही लागत होता, कारण तिथे वायरच अँटेना असते. वेताळ टेकडीवरून मुंबईचं काहीतरी अस्पष्ट लागतंय असंही मला एकदा वाटलं, पण तो बहुधा वारा असावा. शेजारून ओळखीची माणसं तोंड हलवत जात होती आणि मी हसून मान डोलावत होतो. मोरितांच्या घरी नेमकं काय बिनसलं असेल, ते थोडंफार लक्षात येत होतं.

घरी आलो तर बायको दारातच उभी. चेहरा प्रसन्न.

"सोसायटीच्या चेअरमनचा फोन आला होता तुम्हाला. तीनदा वाजला, मग मीच घेतला."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वहीतली दोन्ही रकान्यांतली पहिली नोंद चुकीची होती. फोन येतो. तो घरी येतो, आणि घरी उचलला जातो.

"नवीन कमिटीत सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं म्हणे. त्यांनी विचारलं, साहेबांना वेळ असतो का? मी म्हटलं, वेळच वेळ आहे. हल्ली तर ते फोनसुद्धा नेत नाहीत बरोबर."

"अगं, पण निवडणूक वगैरे असते की नाही?"

"बिनविरोध," असं म्हणून तिने पाण्याच्या टाकीच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "आणि बी विंगमधल्या काकू दहा मिनिटांत येतायत. पार्किंगबद्दल बोलायचंय त्यांना. ते कानातलं काढा आता."