‘लाल द्राक्षमळा’ कानाच्या रक्ताने रंगवलेला नाही

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र लावलेला एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की हे चित्र त्याने वेड्यांच्या इस्पितळात काढलं, त्यातला लाल रंग त्याच्या कापलेल्या कानाच्या रक्ताचा आहे, मळ्यात राबणाऱ्या बायका गुलाम आहेत आणि आयुष्यात विकलं गेलेलं हे एकमेव चित्र भावानेच दया येऊन घेतलं. शेवटी तात्पर्य: वेड होतं म्हणून कला होती, औषधं दिली असती तर हे चित्र झालंच नसतं. माझी भाची चित्रकला शिकते आणि मानसिक आजारावर नियमित गोळ्या घेते. तिला हा मेसेज घरातल्याच मोठ्या माणसाने पाठवला, म्हणून लिहितोय.

आधी रक्त. चित्र नोव्हेंबर १८८८ मधलं, दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावचं. कान कापला २३ डिसेंबरला. जो कान अजून डोक्याला शाबूत होता त्याचं रक्त कॅनव्हासवर कुठून येणार? सँ-रेमीच्या इस्पितळात तर तो मे १८८९ मध्ये गेला. लाल रंग कुठून आला हे त्याने स्वतःच भावाला, थिओला, कळवलंय. रविवारी चित्रकार मित्र गोगँबरोबर फिरताना, पाऊस पडून गेल्यावर मावळत्या उन्हात, रेड वाइनसारखा लालभडक मळा दिसला, लांबवर तो पिवळा होत गेला होता, असं तो लिहितो. शरद ऋतूत द्राक्षवेलींची पानं लाल होतात, एवढंच. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने त्याची सगळी पत्रं २००९ पासून इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. फॉरवर्ड करण्याआधी एक उघडायला काय हरकत होती?

बायका गुलाम नाहीत. फ्रान्सने वसाहतींतलीही गुलामी १८४८ मध्येच संपवली होती. या द्राक्षतोडणीला आलेल्या मजूर बायका आहेत. हो, चित्र त्याने घरी येऊन आठवणीतून काढलं, आणि तिकडची तोडणी एरवी सप्टेंबरात होते, तेव्हा त्या संध्याकाळी त्या तिथे होत्याच असं छातीठोक सांगता येत नाही. तेवढं मान्य.

विक्रीचंही अर्धंच खरं. त्याची चित्रं फारशी खपली नाहीत, हे बरोबर. पण हे चित्र थिओने नाही, ॲना बॉक या बेल्जियन चित्रकर्तीने १८९० मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनातून ४०० फ्रँकला घेतलं. आणि ‘एकमेव’ म्हणणाऱ्यांनी १८८२ मध्ये त्याच्या काकांनी पैसे मोजून मागवलेली हेगची रेखाटनं धरलेलीच नाहीत.

आता औषधांचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. त्याची काही गाजलेली चित्रं इस्पितळात झाली हे खरंच आहे. पण ती कधी झाली ते बघा. ‘तारांकित रात्र’ जून १८८९ ची, तब्येत बरी असतानाची. जुलैच्या मध्यावर झटका आला, त्यात त्याने रंग तोंडात घातले, म्हणून रंग त्याच्यापासून दूर ठेवावे लागले आणि कित्येक आठवडे चित्रकला बंद पडली. सावरल्यावर तो थिओला लिहितो की कामात मन जितकं रमतं तितकं कशातच नाही, सगळा जीव ओतून काम करता आलं तर तोच कदाचित उत्तम उपाय ठरेल. बरं होण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘वेड हवंच’ कोंबायचं? त्याच्यावर उपचार काय होते, तर आठवड्यातून दोनदा पाण्याच्या टबात बराच वेळ बसवून ठेवणं. आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हतीच. ३७ व्या वर्षी तो गेला, तेव्हा चित्रकार व्हायचं ठरवून त्याला जेमतेम १० वर्षं झाली होती.

भाचीच्या गोळ्या तिचे डॉक्टर ठरवतील. ज्यांनी मेसेज पुढे ढकलला त्यांनी त्याच ग्रुपवर, तितक्याच मोठ्या अक्षरांत, तो खोटा होता असं लिहावं. आणि तिला वेगळा फोन करावा.