साळावलीहून रिकाम्या हाती परतलेल्या पाहुण्यांना उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूरहून दोन मित्रांसह आलात, गोव्यात सांग्याला असलेल्या आमच्या दुकानातून २,३५० रुपयांचे लूर (मासा भुलवणारी कृत्रिम आमिषं) घेतलेत, दिवसभरासाठी आमचा माणूस सोबत नेलात आणि साळावली धरणाच्या काठावरून एकही मासा न लागता परतलात. तुम्ही लिहिलंय की लूर निरुपयोगी निघाले, जागा चुकीची दाखवली, आणि संध्याकाळी समोर मासा दिसत असताना आमच्या माणसाने गरी टाकू दिली नाही. दोन तारे दिलेत. तारे राहू देत, पण तुमचा दिवस वाया गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लूरच्या बाबतीत चूक आमची. डोंगरातल्या तलावावर ट्राउट पकडतानाचा व्हिडिओ तुम्ही काउंटरवर दाखवलात, तसेच छोटे चंदेरी स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचे लूर, मागितलेत आणि आमच्या पोराने ते काढून दिले. कुठल्या पाण्यावर, कुठल्या माशासाठी, हे त्याने आधी विचारायला हवं होतं. ट्राउट थंड पाण्यातला मासा. आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा ठिकाणी सापडतो. तिथलं पाणी नितळ असतं, पहाटे मासा काठाच्या कडेने फिरतो, ओढ्याच्या मुखाशी थांबतो आणि बोटाच्या पेराएवढं चमकतं पातं त्याला लांबून दिसतं. साळावलीही डोंगरांच्या कुशीत आहे, पण पाणी कोमट, आणि पावसाच्या अखेरीस ओढ्यांच्या तोंडाशी तांबड्या मातीने गढूळ. तिथे बारीक चमक चार हातांवरूनही दिसत नाही. अशा पाण्यात गडद रंगाचा, अंगाने जाड, पाणी हलवणारा किंवा आत मणी खुळखुळणारा लूर लागतो, कारण मासा तो डोळ्यांआधी अंगाने ओळखतो. गवताळ उथळ भागात मरळीसाठी रबरी बेडूक हवा. त्याच्या गऱ्या पाठीला चिकटून असतात, म्हणून तो गवतात अडकत नाही. हे दोन्ही प्रकार त्या दिवशी आमच्या फळीवर होते आणि तुमच्या पिशवीत एकही गेला नाही.

जागेचं मात्र थोडं सविस्तर सांगावं लागेल. तुमच्याकडे मे महिन्यातला कुणाचा तरी व्हिडिओ होता. त्यात कुर्डीच्या सोमेश्वराच्या देवळाजवळ उभं राहून तो माणूस मासे काढतो, आणि तुम्हाला तीच जागा हवी होती. माझं आजोळ कुर्डीचं. धरणात गाव गेलं आणि माणसं वाडे-वालकिणीला गेली. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ, घरांची जोती, विहिरींचे कठडे वर येतात, मे महिन्यात उत्सवाला सगळे पुन्हा जमतात. सप्टेंबरात मात्र धरण भरलेलं असतं. पातळी ४१.१५ मीटरला पोचली की बदकाच्या चोचीसारख्या त्या सांडव्यातून पाणी खाली पडायला लागतं. तुम्ही आलात तेव्हा व्हिडिओतला माणूस उभा होता ती जमीन खोल पाण्याखाली होती आणि ‘काठ’ भलत्याच ठिकाणी, झाडीच्या मुळाशी आला होता. आमच्या माणसाने तुम्हाला तिथे नेलं नाही ते बरोबर केलं, फक्त का नेत नाही हे त्याने सांगितलं नाही.

धरणावरची जागा कायमची नसते. पाणी चढतं-उतरतं तसे मासेही सरकतात. मी स्वतः मे महिन्यात, पाणी खाली असताना, काठाने चालत जातो आणि बुडणारी जोती, बांध, जुना रस्ता, वठलेली झाडं वहीत लिहून ठेवतो. पावसाळ्यानंतर तीच वही उपयोगी पडते, कारण उथळ पाणी जिथे खोल होतं त्या कडेला मासा दबा धरून असतो. पाण्याखालच्या बांधावर बुडणारा लूर टाकायचा असेल तर मनात आकडे मोजा. साधारण सेकंदाला एक फूट बुडणारे लूर मिळतात. आठ मोजल्यावर तळ लागला तर पुढच्या फेकीला सहाला ओढायला लागायचं. आणि ओढ्याचं तांबडं पाणी जिथे धरणाच्या हिरव्या पाण्याला भिडते, ती रेघ बघा. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला तर घाटाकडच्या काठाला जा, वाऱ्याने खाद्य तिकडे जमतं. त्या दिवशी तुम्ही वाऱ्याला पाठ देऊन याच्या उलट काठावर बसला होतात.

घाटात गाडी अडकली आणि पहाटे सहाऐवजी नऊला सुरुवात झाली, त्यात तुमचा दोष नाही. आम्हीच तुम्हाला जेवून चार वाजता निघायला सांगायला हवं होतं. भर उन्हात पाच तास फेकाफेक करायला लावणं बरं नव्हे.

आता शेवटचं. संध्याकाळी गवताजवळ पाण्यावर तांबूस-केशरी ठिपक्यांचा गोळा हलताना तुम्हाला दिसला, खालून मोठी मरळ वर येऊन श्वास घेऊन गेली, आणि तुम्ही बेडूक उसना मागून फेकणार तोच आमच्या माणसाने रॉड धरला. तुम्ही याला ‘उद्धटपणा’ म्हटलंय. रॉड ओढून घेण्याआधी तोंडाने सांगायला हवं होतं, त्याबद्दल माफी मागतो. पण थांबवलं ते योग्यच केलं, आणि उद्या मी तिथे असतो तर मीही थांबवलं असतं. तो गोळा म्हणजे मरळीची पिल्लं. आईबाप खाली पहारा देत असतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात, ते भुकेने नव्हे, पिल्लांसाठी. अशा वेळी गरी टाकली तर मरळ हमखास लागते, शिकाऊ माणसालाही. तिला बाहेर काढलं की शेकडो पिल्लं उघडी पडतात आणि बाकीचे मासे, पाणकावळे ती संपवतात. चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन ओढ्यात चढताना टोपल्यांनी भरले जातात, तेही मी लहानपणापासून बघत आलोय, आणि आमच्या ओढ्यांत पूर्वीइतका मासा आता दिसत नाही. म्हणून हा नियम आमच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी बदलत नाही. यापुढे तो निघण्यापूर्वीच सांगितला जाईल, काउंटरवर लिहूनही लावतोय.

न वापरलेले तीन स्पिनर बिलासह पाठवा, पैसे परत करतो. माणसाची त्या दिवसाची मजुरी त्याला मी दिलेली आहे, तुमच्याकडून घेतलेली रक्कम तुम्हाला मिळेल. आणि परत यायचं मनात आलं तर नोव्हेंबरात या. तोवर पाणी निवळलेलं असतं, पिल्लं मोठी होऊन पांगलेली असतात. त्या दिवशी मी स्वतः येईन, वही घेऊन. पहाटे साडेपाचला दुकानापाशी भेटू.

— दुकानमालक, सांगे