पाय धुण्याचा विधी आणि घरातली सेवा
ख्रिस्ती प्रीतीवरचा एक लेख मी वाचला; खऱ्या ख्रिस्ती प्रीतीने सारे निमूटपणे सोसावे, असा त्या लेखाचा सूर आहे. तो मला मान्य नाही. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो आणि यहूदा हा शिष्य आपला विश्वासघात करणार हे ठाऊक असूनही त्याला वगळत नाही. मात्र 18व्या अध्यायात, अटकेनंतर, महायाजकाचा (यहुद्यांच्या मुख्य याजकाचा) सेवक थोबाडीत मारतो तेव्हा तोच येशू त्याला जाब विचारतो. आमच्या ठाण्यातील चर्चमध्ये पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) धर्मगुरू गुडघे टेकून भाविकांचे पाय धुतात, आणि तो विधी मला मनापासून प्रिय आहे. पण त्याचा अर्थ मला अधिक कळतो तो शेजारच्या घरी, जिथे सून मध्यरात्री उठून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस बदलते आणि पाठीच्या जखमांना मलम लावते. ‘हा तुझा क्रूस आहे, तो निमूट वाहा’ असे तिला सांगण्याऐवजी आपल्यापैकी कोणी रविवारी त्या सासूबाईंजवळ बसावे, म्हणजे सुनेलाही मिस्सेला (चर्चमधील उपासनेला) येता येईल.