साप साप म्हणा, भुई धोपटा

शहराच्या हवेत घाण कोण करतंय, हे शोधायची फाइल महापालिकेत तुमच्या टेबलावर आली असेल तर घाबरू नका. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत, म्हणजे आणखी अठरा जण तुमच्याच बोटीत बसलेत. शिवाय आरोपी आधीच ठरलेला आहे. धूळ. धुळीला मालक नसतो, ती वकील लावत नाही आणि तिच्यासाठी मंत्रालयातून फोन येत नाही. तुम्ही फक्त पुरावा तिच्या दारात नेऊन ठेवायचा.

मोजायचं ते पीएम १० मोजा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण. त्यात माती-खडीचं वजन भरपूर भरतं. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांच्या, म्हणजे पीएम २.५ च्या नादी लागलात की माती विरळ होते आणि डिझेल, जळता कचरा, चुली, कोळसा अशी मंडळी दिसू लागतात. फुप्फुसात खोलवर जातात तीच, पण कार्यक्रमाची प्रगती मोजतात पीएम १० वर, तेव्हा तुम्हाला जाब विचारणार कोण?

नमुने एप्रिल-मेमध्ये घ्या. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा जमिनीलगत अडकते, शेकोट्यांचा आणि कचऱ्याचा धूर वर सरकत नाही, फिल्टर काळेकुट्ट होतात. उन्हाळ्यात वारा असतो, फिल्टर छान मातकट येतात. यंत्र उड्डाणपुलाच्या कामाशेजारी लावा. बेकरीच्या भट्टीजवळची गच्ची कोणी फुकट दिली तरी नको.

आता फिल्टर. खरी कारागिरी इथे आहे. यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतं, म्हणजे २४ तासांत साधारण २४ घनमीटर. हवेत घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम कण असतील, तर ४७ मिलिमीटरच्या चकतीवर दिवसभरात जमतात जेमतेम १.२ मिलिग्रॅम. साखरेचे एक-दोन दाणे. एवढ्याशा ऐवजात गडबड करायला फार अक्कल लागत नाही. चिमट्याऐवजी बोटांनी उचला: घामातलं सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम चकतीवर उतरतं. पोटॅशियम ही लाकूडफाट्याच्या धुराची खूण असल्याने तुमचा घाम कुणा गरिबाच्या चुलीच्या नावावर चढतो. वजनाआधी चकती २४ तास ठरावीक तापमानाला आणि ३०-४० टक्के आर्द्रतेत ठेवतात, नाहीतर सल्फेट पाणी ओढून फुगतं. तुम्हाला घाई आहे, लगेच तोला. सोबत नेऊन न चालवता परत आणायचे कोरे फिल्टर तर नुसता खर्च. ते नसले की हाताळणीतली घाण वजा करायची कटकटही उरत नाही.

चकत्या बर्फाच्या डब्यातून आणायचा आग्रह कोणी धरला तर त्याची बदली करा. जीपच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवा. अमोनियम नायट्रेट गरमीने उडून जातं, आणि वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडचा पुरावा त्याच्याबरोबर. कार्बन मोजायला लागणारे क्वार्ट्झचे फिल्टर मागवूच नका. ते ठिसूळ असतात, आधी भट्टीत भाजून घ्यावे लागतात. नुसत्या टेफ्लॉनवर भागवा. टेफ्लॉन मुळात कार्बन आणि फ्लोरिनचा, त्यावर कार्बनचं पृथक्करण होत नाही. धूर म्हणजे मुख्यतः कार्बन. तोच मोजला नाही, तर धूर होताच कुठे?

मग मॉडेल, म्हणजे कुणाचा वाटा किती ते काढणारं गणित. सीएमबी (केमिकल मास बॅलन्स) वापरणार असाल तर प्रत्येक स्रोताचं रासायनिक प्रोफाइल लागतं, म्हणजे त्याच्या कणांत काय किती असतं त्याची यादी. सहा शहरांच्या जुन्या अभ्यासासाठी एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने वाहनांची आणि आयआयटी मुंबईने इतर स्रोतांची भारतीय प्रोफाइलं तयार केली होती. ती बाजूला ठेवा, अमेरिकन यादीतून उसनी घ्या. माती, रस्त्याची धूळ आणि बांधकाम या तिघांत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम सारखंच, त्यामुळे मॉडेल गोंधळतं आणि एखाद्याचा वाटा ऋण दाखवतं. ज्याचा ऋण आला तो स्रोत यादीतून गाळा. पीएमएफ हे दुसरं मॉडेल आणखी सोयीचं, ते प्रोफाइल न मागता नमुन्यांतूनच गट पाडतं: ते फक्त ‘फॅक्टर ३’ एवढंच सांगतं, बारसं आपण करायचं. त्या फॅक्टरमध्ये तांबं, अँटिमनी, बेरियम दिसलं तर तो ब्रेकचा झिजलेला चुरा, म्हणजे वाहतूक. पण शेजारी लोह आणि कॅल्शियम आहे ना? लिहा ‘धूळ’.

एक अडचण उरते, सल्फेट. ते बहुतेक नळकांड्यातून थेट बाहेर पडलेलं नसतं. औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतला सल्फर डायऑक्साइड वाटेत आम्ल बनतो, अमोनियाला भेटतो आणि कण होऊन शहरात उतरतो. त्या चिमण्यांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा ठरल्या, पुढे मुदतवाढी मिळत गेल्या. पण चिमणी तुमच्या हद्दीबाहेर आहे. तक्त्यात करड्या रंगाची फोड करा, वर ‘दुय्यम कण’ लिहा. दुय्यम म्हटलं की सभागृहात कोणी प्रश्न विचारत नाही.

अहवाल मंजूर झाला की रस्त्यावर पाणी मारायच्या टँकरची निविदा काढा, जमल्यास पाण्याची तोफही घ्या. टँकर डिझेलवर चालतो, हे टिपणीत नको. मे महिन्यात रस्ता बघता बघता वाळतो, पाण्याबरोबर कडेला गेलेला गाळ सुकून चाकांखाली परत येतो, आणि पुढच्या वर्षीच्या नमुन्यांची सोय होते.