कोरम झाला नाही, म्हणे!

आज 2 ऑक्टोबरची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून गांधीजींच्या फोटोंचा पूर, आणि शाळेच्या व्हरांड्यात जेमतेम तीसेक माणसं. त्यातली निम्मी सदस्यांच्या घरची. कायदा मागतो तरी किती? मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. लग्नात पहिल्या पंगतीला याहून जास्त बसतात.

पुढची गंमत सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. तहकूब सभेला कोरम लागतच नाही. पुढच्या तारखेला बारा टाळकी जमली तरी विषय सरसर पुढे सरकतात आणि प्रोसिडिंगच्या वहीत 'सर्वानुमते मंजूर' लागतं. त्यात तुम्हीही आलात, घरी बसून.

अशाच एका तहकूब सभेत वस्तीवरच्या मावशी उठल्या होत्या. वस्तीची पाइपलाइन आराखड्यात होती, ती गेली कुठं? भाऊसाहेब म्हणाले, बघू. (ग्रामसेवकाच्या पदाचं नाव आता बदललंय, आमच्या तोंडी भाऊसाहेबच.) मावशी खाली बसल्या नाहीत. "मी विचारलं ते वहीत लिहा, आन् लिवलेलं वाचून दावा." त्यांना अक्षर येत नाही, म्हणून वाचून दाखवायला लावलं. सगळे गप्प. लिहावं लागलं.

आणि इथे रोज 'गावाचं वाटोळं झालं' टाइप करणारे आमचे पदवीधर! पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के पैसा पाणी-स्वच्छतेला बांधून दिला, उरलेला 40 टक्के कुठं घालायचा हे गावाने ठरवायचं होतं. कोणी ठरवलं? कुठल्या कामाला किती दाखवले ते ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर दिसतं, ज्या मोबाइलवर तुम्ही रील बघता त्याच मोबाइलवर. पण नाही. सरपंचाला शिव्या घालायला कोरम लागत नाही ना!

बरं, सोयाबीनची काढणी चालू आहे, मान्य. रोजंदारीवाल्याला सकाळची सभा परवडत नाही. जास्त प्रश्न विचारले तर घरकुलाच्या यादीत आपलं नाव मागे सरकेल ही भीतीही अगदीच खोटी नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, उलट वाईट वाटतं. मावशीसुद्धा त्या दिवशी खाडा करून आल्या होत्या आणि परत जाताना मुकादमाची बोलणी खाऊन गेल्या. माझा राग आहे तो ज्यांना आज पगारी सुट्टी होती त्यांच्यावर. पेन्शनवाल्यांवर. पारावर बसून अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल लावणाऱ्यांवर.

'एकट्याने काय होतंय' हे तर ऐकवतच नाही आता. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत सहमतीने कारभार केला आणि 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. ते गाव लहान, आपल्याकडे गटतट, तसलं एकमत इथं जमायचं नाही, ठीक आहे. पण मावशींना कुठं एकमत लागलं होतं? एक प्रश्न आणि उघडी वही, बस्स.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, हेही नियमातच आहे. आपल्याकडे शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो आणि बायका दारातच सह्या करून मोकळ्या होतात. मावशींनी अंगठा दिला नाही. "सभा असंल तिथं यीन आन् तिथंच दीन," म्हणाल्या. शिपाई अजून त्यांच्या घरावरून जाताना मान खाली घालतो.

पाइपलाइनचं विचाराल तर अर्धी आलीय. पुढे चर खणून ठेवलाय, पावसात तो बुजला. पण पुढच्या आराखड्यात काम परत चढलं, आणि ते वहीत लिहिलं होतं म्हणूनच चढलं, याबद्दल माझ्याशी कोणी वाद घालू नये.

आता तहकूब सभेची तारीख लागेल. ती रात्री आठला घ्या असा अर्ज मी लिहिलाय, म्हणजे शेतावरून आलेली माणसंही बसतील. सह्या हव्या आहेत. इथे लाइक नको, अंगठा द्यायचाच तर अर्जावर द्या. संध्याकाळी सातनंतर मी घरीच आहे. येताना पेन आणा, माझं दुपारी कोणीतरी नेलं.